एक लिटरच्या टर्बो पेट्रोल गाडीला किती इंची एक्झॉस्ट पाइप लावावा?

सव्वादोन इंची पुरे, रीमॅप (इंजिनाच्या संगणकातलं सेटिंग बदलणं) आणि इतर बदल करून 200 अश्वशक्तीच्या आसपास जाणार असाल तर अडीच. तीन इंची 300 च्या पुढच्या गाड्यांसाठी.

'बॅक प्रेशर (एक्झॉस्टमधला उलटा दाब) हवंच' हे टर्बोला लागू नाही. टर्बाइन (टर्बोमधलं एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारं चाक) फिरतं ते पुढच्या-मागच्या दाबातल्या फरकावर, म्हणून त्याच्या मागे जितका कमी दाब तितका टर्बो लवकर जागा होतो. मग सरळ तीन इंची का नको? अडीचपेक्षा त्याचं क्षेत्रफळ 44 टक्के जास्त. छोट्या इंजिनाला तेवढी वाट लागतच नाही. नुसता आवाज आणि वजन वाढतं, वर स्पीडब्रेकरला पाइप घासतो.

पैसे आधी डाउनपाइपवर (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) घाला, खरा अडथळा तिथेच असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) मात्र कृपा करून काढू नका. आणि बूस्टवर (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेच्या दाबावर) लक्ष ठेवा: वाट मोकळी झाली की छोटा वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) कधीकधी दाब आवरू शकत नाही.