जीपीएस ठीक होता, आकडा वेगळ्या भाषेतला होता

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं वर आलं. सोलो क्रॉस-कंट्रीत, म्हणजे एकट्याने केलेल्या लांबच्या उड्डाणात, जीपीएस म्हणतोय वेपॉइंट (मार्गावरचा ठरवलेला बिंदू) आला, खाली मात्र तलावाचा पत्ता नाही, नुसती झाडी. उतरल्यावर मोजलं तर तलाव २० मैल दक्षिणेला. आणि प्रश्न काय, तर रिसीव्हर बदलून मागू का?

नका मागू. तुम्ही वेपॉइंटच्या यादीतली जी ओळ दिली आहे तिच्यात अक्षांश ४४.५० आहे आणि रेखांश पूर्ण अंशात. हे दशांश अंश आहेत, म्हणजे ४४ अंश ३० मिनिटं. तुम्ही भरलीत ५० मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, तेव्हा २० मिनिटांचे २० मैल. रेखांशाला अपूर्णांकच नव्हता म्हणून तो वाचला.

खरं सांगायचं तर तुमची चूक बरी. २० मैल म्हणजे १०० नॉटला (ताशी १०० नॉटिकल मैलांना) १२ मिनिटं. घड्याळ बघणाऱ्याच्या ध्यानात येतंच. मला नडली ती हिची धाकटी बहीण. यादीत अंश-मिनिट-सेकंद, आणि बॉक्सला, म्हणजे जीपीएसला, हवीत अंश आणि दशांश मिनिटं. ४८ मिनिटं ५४ सेकंद म्हणजे ४८.९०, पण बोटं सवयीने ४८.५४ दाबतात. फरक ०.३६ मैल, साधारण ६६७ मीटर. ०५ सेकंदांमधलं शून्य गाळून ४८.५ भरलंत तर पाऊण किलोमीटरच्याही वर. स्क्रीनवर रेघ सरळ, अंतर जवळपास तेवढंच, कुणाला शंका येत नाही. मोकळ्या मैदानावर काही बिघडत नाही. दरीतून जाताना किंवा नियंत्रित हद्दीच्या कडेने उडताना तेवढंच पुरतं.

आणि ती यादी काढणारं ऑफिस! वर एक ओळ लिहायची, ‘अंश-मिनिट-सेकंद’, एवढंच मागणं होतं. उत्तर आलं, “ते सगळ्यांना माहीत असतं.” माझ्या प्रकरणाच्या अहवालात कारण लागलं पायलटची चूक. असो.

आता उपाय. बहुतेक जण सांगतील की एकाने वाचा, दुसऱ्याने पडताळा. करा, पण भरवसा ठेवू नका. दोघंही तीच यादी बघत असतील तर नक्कल बरोबर झाली एवढंच कळतं, अर्थ बरोबर लावला का ते नाही. १९८९ मध्ये ब्राझीलमध्ये वारिग कंपनीच्या २५४ क्रमांकाच्या विमानाला माराबाहून बेलेंला जायचं होतं, जवळजवळ उत्तरेला. प्लॅनवर ०२७० छापलं होतं, म्हणजे ०२७.० अंश. कॅप्टनने २७० लावलं, को-पायलटने त्याचंच बघून आपलं लावलं. विमान पश्चिमेला गेलं आणि इंधन संपून ॲमेझॉनच्या जंगलात उतरवावं लागलं.

म्हणून पडताळा दुसऱ्या वाटेने हवा. इंजिन सुरू करण्याआधी बिंदू चार्टवर (हवाई नकाशावर) नावाने शोधा, यादीवरून नाही. प्रोट्रॅक्टर लेगच्या (दोन बिंदूंमधल्या टप्प्याच्या) मध्याजवळच्या रेखावृत्तावर ठेवून ट्रॅक, म्हणजे मार्गाची दिशा, मोजा, पट्टीने अंतर मोजा, मग बॉक्सशी ताडा. चार्टवर येतो तो खरा (भौगोलिक उत्तरेपासूनचा) ट्रॅक आणि बॉक्स बहुधा चुंबकीय दाखवतो. व्हेरिएशन, म्हणजे या दोन उत्तरांमधल्या दिशांचा फरक, लावायला विसरलात तर नसलेली चूक शोधत बसाल. २-३ अंश किंवा एका मैलाहून जास्त फरक असेल तर मी तो बिंदू पुसून नव्याने भरतो. (हा माझा आकडा. तुमच्या इन्स्ट्रक्टरचं आणि मॅन्युअलचं म्हणणं आधी.)

मात्र ६६७ मीटरची चूक या मोजणीतही निसटते. तिच्यासाठी बॉक्समधला बिंदू मूव्हिंग मॅपवर पूर्ण झूम करून बघा: तलावाच्या बांधावर बसलाय की शेजारच्या टेकडीवर? सेकंदांच्या जागी ६० किंवा मोठा आकडा दिसला तर ते सेकंद नाहीतच, हे एक फुकटचं लक्षण. सगळे आकडे ६० च्या आत असले म्हणून ते सेकंदच असं मात्र नाही.

बॉक्स तुम्हाला अडवेल या भ्रमात राहू नका. मार्च २०१५ मध्ये सिडनीला एअरएशिया एक्सच्या ए३३० मध्ये उभ्या विमानाचा रेखांश १५१ अंश ०९.८ मिनिटांऐवजी १५ अंश १९.८ भरला गेला. ११ हजार किलोमीटरचा फरक, तरी विमान उडालं आणि शेवटी ठरलेल्या ठिकाणाऐवजी मेलबर्नला उतरलं.

हवेत शंका आलीच तर हेडिंग (विमानाच्या नाकाची दिशा) धरून ठेवा, वेळ लिहा, आणि लाज न बाळगता एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) सांगा. तुम्ही तलाव शोधत गोल गोल फिरलात असं लिहिलंय. त्याने आधी माहीत असलेली जागाही हातची जाते. ट्रॅक कुठे सुटला ते नक्की असेल तर साठाचा हिशेब करा: ६० मैलांत १ मैल बाजूला म्हणजे साधारण १ अंश, तेव्हा ३० मैलांत ४ मैल बाजूला म्हणजे ८ अंशांची चूक.

जाता जाता: अहवालात ‘चुकीचा आकडा भरला’ असं लिहू नका. यादीत काय छापलं होतं, बॉक्सने कुठला साचा मागितला, तुम्ही काय दाबलं, तिन्ही जसंच्या तसं लिहा आणि यादीचा फोटो जोडा.