अकरा वर्षांचं कॅम्पेन लिहायचंय, कुणाचं खरं धरायचं?

प्रश्न: आम्ही पाच जण 2015 पासून एक रविवार आड डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी, टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन गोष्ट घडवायचा खेळ) खेळतोय. सुरुवात 2014 च्या स्टार्टर सेटमधल्या 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' या छापील मॉड्यूलने, म्हणजे तयार साहसाने केली, मग आमच्या डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) स्वतःची दोन मोठी कॅम्पेन्स (अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग गोष्टी) चालवली. आता दोघं परदेशी चाललेत म्हणून सगळं लिहून काढायचं ठरलं आणि पहिल्याच संध्याकाळी वादावादी झाली. आमच्या क्लेरिकने (पुजारी पात्राने) पहिल्या सेशनला एका गॉब्लिनला (छोट्या राक्षसाला) जिवंत सोडला होता, तो पुढे आमच्याबरोबरच फिरायचा. तो मेला कसा, यावर तिघांचं तीन तऱ्हांचं म्हणणं आहे. डीएमच्या वह्यांत तो प्रसंगच नाहीये. कुणाचं धरायचं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: कुणा एकाचं धरूच नका, तिन्ही लिहा, ज्याचं त्याच्या नावानिशी.

फँडेल्व्हरची सुरुवात आठवा. नेव्हरविंटर शहरातून मालाची गाडी घेऊन निघायचं, वाटेत दोन मेलेले घोडे आडवे पडलेत, अंगात काळ्या पिसांचे बाण, आणि झाडीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेत. आमच्याही टेबलावर हेच घोडे होते, ज्यांनी ज्यांनी तो सेट उघडला त्या सगळ्यांकडे होते. हे सगळं त्या 64 पानी पुस्तकात छापलेलं आहे, तुम्ही नाही लिहिलंत तरी कुठे जात नाही. पण त्यातल्या एकाला सोडून देणं, त्याला बरोबर घेऊन हिंडणं, हे कुठल्याच पुस्तकात नाही, ते फक्त तुम्हा पाच जणांकडे आहे. म्हणून मॉड्यूलची गोष्ट दोन ओळींत आटपा आणि गॉब्लिनला पाच पानं द्या.

वहीत तो प्रसंग नाही याचं मला नवल नाही वाटत. डीएमची वही म्हणजे सेशनच्या आधीची तयारी, खेळताना जे घडतं ते लिहायला त्याला वेळ असतोच कुठे.

डी अँड डीच्या दोन निर्मात्यांपैकी एक, डेव्ह आर्नेसन, त्याने 1971 मध्ये अमेरिकेत, मिनेसोटात ब्लॅकमूर हे आपलं कॅम्पेन सुरू केलं, डी अँड डी छापून यायच्या तीन वर्षं आधी. त्याचे खेळाडू किल्ल्याखालच्या भुयारांमध्ये इतके रमले की वर शत्रूने किल्लाच घेतला, आणि मग तिथून हाकलले जाऊन त्यांना लॉक ग्लूमेन या खेळातल्याच दुसऱ्या ठिकाणी जावं लागलं, पण खेळ थांबला नाही, कॅम्पेन तिकडे सरकलं. हे आज आपल्याला कळतं ते त्याचे कागद 1977 मध्ये जजेस गिल्ड या प्रकाशकाने 'द फर्स्ट फँटसी कॅम्पेन' म्हणून छापले त्यामुळेसुद्धा. नकाशे, सैन्याचे हिशेब, त्रोटक नोंदी, सलग गोष्ट अशी नाहीच. मला ते तसंच आवडतं, त्या टेबलाशी बसल्यासारखं वाटतं.

आमच्या ग्रुपने नेमकं उलट केलं. सगळं नीट टाइप केलं आणि जुन्या कॅरेक्टर शीट्स (आपापल्या पात्राची माहिती लिहायचे कागद) रद्दीत गेल्या, याचं मला अजून वाईट वाटतं. माझी एकच शीट वाचली, नियमांच्या पुस्तकात खूण म्हणून राहिली होती म्हणून. हिट पॉइंट्सच्या (पात्राचा जीव किती उरला त्या आकड्याच्या) चौकोनात खोडून खोडून कागद इतका झिरझिरीत झालाय की मागून सेलोटेप लावलीय, आणि शेजारी आमच्यात पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळणाऱ्या मित्राच्या अक्षरात लिहिलंय, 'याला पोशन द्यायचंय, विसरू नको'. तो मित्र गेली चार वर्षं भेटलेला नाही. टाइप केलेल्या कॉपीत ही ओळ नाही. तेव्हा आधी शीट्सचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, चहाच्या डागांसकट.

आणि एकत्र बसायच्या आधी प्रत्येकाला एकेकट्याने फोनवर रेकॉर्ड करायला सांगा, कारण चौघांत एकाने रंगवून सांगितलं की बाकीच्यांना तसंच आठवायला लागतं. डीएमला मात्र वेगळं विचारा: तुम्ही कधी उघडलीच नाहीत अशा दारांमागे त्याने काय काय ठेवलं होतं? यावर तो तासभर बोलेल बघा.

गॉब्लिनचं डीएमला सगळ्यात शेवटी विचारा, तुमची तिन्ही उत्तरं कागदावर आल्यावर.