दहावीनंतर जर्मन सोडायचं का?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. आठवीपासून शाळेत जर्मन शिकते, ए-टू लेव्हल झालीय. अकरावी सायन्स घेऊनही तिला जर्मन पुढं न्यायचंय. जेईई-सीईटीच्या अभ्यासात वेळ कुठून काढायचा? तिचे बाबा म्हणतात, मार्कांपुरतं घ्या आणि पुरे. – एक पालक, कोथरूड

उत्तर : ताई, नमस्कार.

मार्कांसाठी कॉलेजात जर्मन जरूर घ्या, पण ते मार्क म्हणजे भाषा नव्हे. अकरावीच्या वर्गात बरेचदा पहिल्यांदाच जर्मन शिकणारी मुलंही असतात, त्यामुळे वेग बेताचाच राहतो. बारावीला भरघोस मार्क घेतलेली मुलं माझ्याकडे येतात आणि दोन वाक्यं बोला म्हटलं की गप्प होतात. लेकीला पुढं जायचं असेल तर बाहेर लेव्हलप्रमाणेच, म्हणजे ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन अशा चढत्या पायऱ्यांनी, शिकावं लागेल. बोट क्लब रोडवरचं मॅक्स म्युलर भवन किंवा फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, दोन्हीकडे चौकशी करा.

वेळेचं म्हणाल, तर ग्योटे इन्स्टिट्यूटच्या (मॅक्स म्युलर भवन ज्या जर्मन संस्थेचं, तिच्या) अंदाजाप्रमाणे ए-टूपर्यंत ४५ मिनिटांच्या २०० ते ३५० तासिका लागतात आणि बी-टूपर्यंत एकूण ६०० ते ८००. म्हणजे निम्म्याहून जास्त वाट अजून बाकी आहे. जेईई सांभाळून ती दोन वर्षांत संपवायचा हट्ट धरू नका. बारावीपर्यंत बी-वन, प्रवेश परीक्षा झाल्या की बी-टू, हेच मला झेपण्यासारखं वाटतं. मधे दोन वर्षं पूर्ण सोडलं तर मात्र ए-टूसुद्धा हातचं जाईल.

ग्योटेची बी-टू परीक्षा पाठांतराने निघत नाही. लेखनाला ७५ मिनिटं असतात. त्यात एका विषयावर किमान १५० शब्दांत मत मांडायचं आणि किमान १०० शब्दांचा एक औपचारिक मजकूर लिहायचा. तोंडी परीक्षेत छोटं भाषण, मग जोडीदाराशी चर्चा. इथे आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे, ती मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. जर्मनमध्ये ‘कारण’ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं, मराठीसारखंच. तीन लिंगं आणि विभक्ती आपल्यालाही आहेत. मनात आधी इंग्रजी जुळवणारी मुलं तिथेच अडखळतात. तिला मराठीतून जुळवून बघू द्या. लिंगं मात्र नामागणिक पाठच करावी लागतात. आपलं ‘ते टेबल’ तिकडे पुल्लिंगी, ‘डेअर टिश’!

बाबांनाही एक सांगा. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत पदवीचं शिक्षण बहुतांशी जर्मनमधूनच होतं आणि त्याला साधारण सी-वन लागतं. शिवाय आपल्या बारावीवर सहसा थेट प्रवेश मिळत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास व्हावी लागते किंवा इथे पदवीचं एक वर्ष करावं लागतं. शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएस प्रमाणपत्र वेगळंच. इथे इंजिनिअरिंग करून मास्टर्सला जायचं असेल तर इंग्रजीतले कोर्स भरपूर आहेत, पण तिथली इंटर्नशिप आणि नोकरी मिळवताना बी-टू फार उपयोगी पडतं. म्हणून तिचं जर्मन वाया जाईल ही भीती नको.

दहावीची परीक्षा संपल्यावर अकरावी सुरू होईपर्यंत मोकळे आठवडे मिळतात. त्यातच बी-वनची बॅच धरा. त्याआधी तिला प्लेसमेंट टेस्ट द्यायला लावा, म्हणजे शाळेतलं ए-टू कितपत पक्कं आहे ते कळेल. कच्चं निघालं तर एक पायरी मागून सुरू करा, त्यात काही कमीपणा नाही.