नव्या घरात बोअरची मोटर, स्टार्टर आणि सॉफ्टनर कुठे बसवावेत?

मोटर बोअरमध्येच राहते, जागा ठरवायची ती बाकीच्या सामानाची. पण आधी बोअरचं तोंड पाहा. त्यावर पोर्च किंवा जिना येऊ देऊ नका. मोटर जळाली की 20-20 फुटी पाइप उभे वर ओढावे लागतात, तेव्हा वर मोकळं आकाश आणि बाजूला गाडी उभी राहील एवढी जागा हवी. केसिंग, म्हणजे बोअरच्या तोंडाचा बाहेरचा पाइप, जमिनीपासून दीड फूट वर ठेवा, सेप्टिक टँकपासून किमान 50 फूट दूर.

स्टार्टर पॅनल, म्हणजे मोटर चालू-बंद करायची पेटी, जिन्याखाली किंवा मीटरजवळ, पावसाची झड न लागणाऱ्या भिंतीवर, पाच फुटांवर. अँपिअरचा काटा रोज दिसला पाहिजे. स्वतंत्र एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग आणि ड्राय-रन संरक्षण, म्हणजे पाणी संपलं की मोटर बंद करणारी सोय, हवंच. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की मोटर कोरडी फिरून जळते.

सर्वात जास्त चूक होते सॉफ्टनरची, म्हणजे बोअरचं जड पाणी मऊ करणाऱ्या यंत्राची. तो गच्चीवरच्या टाकीच्या उतरत्या लाइनवर बसवतात. पण टाकी 4 मीटर उंच असली तरी दाब जेमतेम 0.4 बार मिळतो, आणि बहुतेक सॉफ्टनरना दीड ते दोन बार लागतो. म्हणून तो तळमजल्यावर, जमिनीतल्या टाकीतून पाणी वर चढवणाऱ्या पंपाच्या लाइनवर घ्या. आधी गाळ अडवणारा फिल्टर, सोबत बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे सॉफ्टनर टाळून पाणी थेट पुढे नेता येईल. शेजारी गटाराची जाळी हवी, कारण सॉफ्टनर मिठाच्या पाण्याने धुतला जातो आणि ते खारट पाणी झाडांना चालत नाही. बागेच्या नळाची लाइन सॉफ्टनरच्या अलीकडूनच घ्या.