रीजिसला निघालेल्या मुलाला

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुला न्यूयॉर्कच्या रीजिस हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाल्याचं तुझ्या पप्पांनी कळवलं, तेव्हा त्यांचा आनंद फोनवरही लपत नव्हता. मग म्हणाले, 'सर, त्याला तुम्ही लिहा. आम्हाला तिथल्या शाळेतलं काय कळतंय?' कळतं त्यांना पुष्कळ. वांद्र्याला येशूसंघीय, म्हणजे जेझुइट, फादरांनी चालवलेल्या मुलांच्या शाळेत मी त्यांना इतिहास शिकवला. वसईहून सकाळची लोकल धरून ते यायचे. तू आता जॅक्सन हाइट्सहून ई गाडी धरशील, लेक्झिंग्टनला ६ नंबरची गाडी घेशील आणि ८६व्या रस्त्याला उतरशील. या फादरांची शिकवायची पद्धत मुंबईत काय आणि न्यूयॉर्कमध्ये काय, मुळात एकच. म्हणून लिहितो आहे.

आधी एका बाईंबद्दल सांगतो. न्यूयॉर्कचे माजी महापौर ह्यू ग्रँट वारले, त्यानंतर त्यांच्या पत्नी ज्युलिया ग्रँट यांनी येशूसंघाकडे मोठी रक्कम सोपवली. कॅथलिक मुलांसाठी शाळा काढा, फी घेऊ नका, आणि माझं नाव कुठे येऊ देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. १९१४ साली शाळा उघडली. पुढे कित्येक वर्षं त्यांचा उल्लेख नुसता 'संस्थापिका' असाच होत राहिला. पार्क आणि मॅडिसन अव्हेन्यूंच्या मधे, ८४व्या रस्त्यावर, शहरातल्या अतिशय महागड्या वस्तीत ही शाळा उभी आहे. आसपासच्या खासगी शाळांची फी ऐकून तुझ्या आईने हात जोडले असतील. रीजिस मात्र आजही शिकवण्याचे पैसे घेत नाही. मूळ देणगी आता पुरत नाही, म्हणून तिथून शिकून गेलेले विद्यार्थी वर्षानुवर्षं भर घालत आले आहेत.

हे तू नीट मनात घ्यावंस असं मला फार वाटतं. ज्यांनी दिलं त्या बाई केव्हाच गेल्या. जे आज देतात त्यातले बहुतेक तुला कधी भेटणारही नाहीत. मग हे ऋण फेडायचं कुणाला? त्याचं उत्तर पुढची चार वर्षं तुला शोधायचं आहे, आणि तिथली एकेक परंपरा मी याच प्रश्नाच्या बाजूने बघतो.

परीक्षा दिलीस, मुलाखत दिलीस, शेकडो मुलांतून निवड झाली. कौतुक आहेच. पण पहिल्याच महिन्यात तुझ्या ध्यानात येईल की वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला यायचा. पहिल्यांदा कमी गुण मिळाले की हुशार मुलं फार एकटी पडतात, हे मी वर्गात उभा राहून पाहिलेलं आहे. अशा वेळी येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची आठवण काढ. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला, तिथे सरदारकी संपली. पुढे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी बार्सिलोनात ते लहान पोरांच्या शेजारी बसून लॅटिनचं व्याकरण शिकले. ज्यांच्या संघाने पुढे जगभर शाळा काढल्या, त्यांनी स्वतः इतक्या उशिरा सुरुवात केली. शिक्षकाकडे जा, 'मला हे कळलं नाही' म्हण. तिथले शिक्षक याची वाटच बघत असतात.

वर्षाच्या सुरुवातीला पवित्र आत्म्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, होईल. येशूसंघाची मुलांसाठीची पहिली शाळा १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी निघाली, ही प्रथा तेव्हापासूनची सांगतात. एखादे जुने फादर वहीच्या कोपऱ्यात ए.एम.डी.जी. लिहायला सांगतील. देवाच्या अधिक गौरवासाठी, एवढाच त्याचा अर्थ. लिहीत जा. उशीर केलास, दंगा केलास तर शाळा सुटल्यावर थांबावं लागेल, त्या शिक्षेला तिथे इंग्रजीत 'जग' (JUG) म्हणतात. त्याचा बाऊ करू नकोस. चूक केली, बसलो, संपलं.

एका प्रथेवर मात्र जास्त वेळ घालव. इग्नेशियस यांनी आपल्या माणसांना रोज दुपारी आणि रात्री मन तपासायला सांगितलं, आणि येशूसंघाच्या कित्येक शाळांत मुलांनाही हे शिकवतात. डोळे मिटायचे आणि दिवस पुन्हा डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. सुरुवात पापांपासून करायची नाही, आभारांपासून करायची. आज काय मिळालं? मग, मन कुठे उजळलं, कुठे कोरडं पडलं? कुणाशी तोडून बोललो? शेवटी उद्यासाठी मागणं. दहा मिनिटांचं काम. तुझ्या पप्पांच्या वर्गात मी हे करून घ्यायचो. वर्गात हिंदू होते, मुसलमान होते, एक-दोन पारशी होते, आणि कुणालाही ते परकं वाटलं नाही. मोठेपणी भेटायला येतात तेव्हा इतिहासातल्या सनावळ्या कुणाला आठवत नाहीत, ही दहा मिनिटं आठवतात. भुयारी रेल्वेत बसायला जागा मिळाली की तिथेही हे जमेल.

वरच्या वर्गात गेलास की साधनेच्या शिबिराला जावं लागेल. अमेरिकेतल्या अशा पुष्कळ शाळांत त्याला कैरॉस म्हणतात. तिथे काय होतं ते मोठी मुलं सांगत नाहीत. तू विचारू नकोस आणि तुझ्या वेळेनंतर सांगूही नकोस. मीही इथे लिहीत नाही. जाताना मोकळा जा, एवढं पुरे.

वक्तृत्व आणि वादविवादात जरूर भाग घे. १५९९ मध्ये येशूसंघाने आपल्या शाळांसाठी शिक्षणाची नियमावली छापली, तेव्हापासून वाद घालणं हा या शिक्षणाचा कणा आहे. जिंकायची चटक लवकर लागते. त्यावर इग्नेशियस यांनीच औषध देऊन ठेवलंय. त्यांच्या साधनेच्या पुस्तकात अगदी आरंभी सांगितलंय की समोरच्याच्या म्हणण्याचा दोष काढण्याआधी त्याचा चांगला अर्थ लावायची तयारी ठेवावी. प्रतिपक्षाचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं मांडून दाखव आणि मग खोडून काढ. अवघड आहे. तिथल्या व्यासपीठावर हे शिकलास तर पुढे घरात, नोकरीत, कुठेही उपयोगी पडेल.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. ३१ जुलै १९७३ रोजी, इग्नेशियस यांच्या सणाच्या दिवशी, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात येशूसंघाच्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांची परिषद होती. संघाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे बोलायला उभे राहिले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कौतुकाची भाषणं व्हायची रीत असते. अरुपे यांनी विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी लढायला शिकवलं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, प्रामाणिकपणे सांगायचं तर नाही. इतरांसाठी जगणारी माणसं घडवणं हेच आमच्या शिक्षणाचं ध्येय असलं पाहिजे, असं ते म्हणाले. समोरच्या काहींना हे चांगलंच झोंबलं. हेच अरुपे ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमाच्या वेशीवर, संघात नव्याने आलेल्यांच्या मठात होते. वैद्यकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून ते संघात आले होते. त्या दिवशी त्यांनी मठाचं इस्पितळ केलं आणि हाताशी होतं नव्हतं त्यावर शंभराहून जास्त होरपळलेल्या माणसांची शुश्रूषा केली. न्यायाबद्दल बोलायचा अधिकार त्यांना असा मिळाला होता.

अरुपे यांचे ते शब्द आज येशूसंघाच्या शाळांत भिंतींवर दिसतात, टीशर्टवरही दिसतात. टीशर्टवर आलेल्या शब्दांची मला काळजी वाटते, कारण ते फार सहज अंगावर चढतात. रीजिसमध्ये सेवाकार्य शिक्षणाचाच भाग आहे. वृद्धाश्रमात जाशील, लहान मुलांना शिकवशील, अन्नछत्रात वाढशील. तास भरायचे म्हणून जाऊ नकोस. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जा, समोरच्या माणसाचं नाव लक्षात ठेव, त्याच्याजवळ बस. फोटो काढू नकोस. आणि हा माणूस या रांगेत का उभा आहे, हे विचारायला शीक. दया लगेच येते. कारण शोधायला भाडं, पगार, कायदे, सगळं वाचावं लागतं. रीजिस तुला वाचायला शिकवणार आहे ते यासाठी. शाळेला ज्यांचं नाव दिलंय ते संत जॉन फ्रान्सिस रीजिस फ्रान्सच्या डोंगराळ मुलखात गोरगरिबांत पायी फिरायचे आणि १६४० च्या डिसेंबरात, कडाक्याच्या थंडीत, एका खेड्यात काम करतानाच वारले.

परंपरेचा अभिमान बाळग, पण तिचं सगळं पुस्तक वाच. १८३८ मध्ये मेरीलँडच्या येशूसंघीयांनी आपल्या मळ्यांवरच्या २७२ गुलाम माणसांची, बायकामुलांसकट, लुइझियानात विक्री केली. त्यातल्या काही पैशांतून त्यांच्याच जॉर्जटाउन कॉलेजचं कर्ज फिटलं. धर्मगुरूंनी केलेला हा व्यवहार होता. १८ एप्रिल २०१७ ला जॉर्जटाउनमध्ये त्या लोकांच्या वंशजांसमोर येशूसंघाच्या वतीने जाहीर क्षमा मागितली गेली. ज्या फादरांनी विक्री ठरवली त्यांचं नाव इमारतीवरून काढून विक्रीच्या यादीतलं पहिलं नाव, आयझॅक हॉकिन्स, तिला देण्यात आलं. रीजिस त्या विक्रीनंतर कितीतरी वर्षांनी निघालं, पण संघ तोच. कुणी तुझ्यापुढे या परंपरेचे नुसते गोडवे गायला लागलं तर ही यादी आठव.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट. काही धर्मगुरूंनी मुलांवर अत्याचार केले आणि वरिष्ठांनी ते झाकले, हे २००२ मध्ये बोस्टनमधून जगापुढे आलं. आता शाळांनी नियम कडक केले आहेत. तरीही सांगतो. कुठल्याही मोठ्या माणसाचं किंवा मोठ्या मुलाचं वागणं तुला खटकलं, तुझ्याशी असो वा दुसऱ्याशी, तर त्याच रात्री आईला सांग. शाळेचं नाव, फादरांचा मान, फुकट शिक्षण, यातलं काहीही गप्प बसायला पुरेसं कारण नाही.

मुलांची शाळा म्हणून थोडं. मी आयुष्यभर मुलांच्याच वर्गात शिकवलं आणि त्या वर्गांवर माझं प्रेम आहे. चारचौघांत न रडणारी मुलं तिथे एकमेकांजवळ मोकळी होतात, कविता वाचतात, मित्राच्या खांद्यावर हात टाकतात. पण वर्गात एकही मुलगी नसते तेव्हा मुलींबद्दल काय बोललं जातं, तेही मी ऐकलंय. तुझ्या बहिणीसमोर जे बोलवणार नाही, ते तिथे कुणी बोलत असेल तर हसू नकोस. एक मुलगा हसला नाही तरी वर्गाची हवा बदलते. आणि रीजिसमध्ये सगळे कॅथलिक असतात. पप्पांच्या वर्गात तसं नव्हतं, म्हणून ही उणीव तुला शाळेबाहेर भरून काढावी लागेल. जॅक्सन हाइट्समध्ये बांगलादेशी, तिबेटी, कोलंबियन शेजारी आहेत. जुने मित्र तोडू नकोस. शनिवारी त्यांच्याबरोबर खेळायला जात जा.

आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांची गोष्ट तुला आजीने सांगितली असेल. ते किल्ल्यात येशूसंघीयांकडे शिकले आणि त्यांच्याबरोबर जपानला गेले. संघात घ्या, अशी त्यांची इच्छा होती, ती पुरी झाली नाही. ते फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत क्रुसावर गेले. ज्या शाळेने त्यांना घडवलं तिच्या चौकटीत ते बसले नाहीत. तूही पुढे डॉक्टर हो, सुतार हो, फादर हो नाहीतर होऊ नकोस. रीजिसमधून १९५८ मध्ये बाहेर पडलेले अँथनी फाउची रोज ब्रुकलिनहून ये-जा करायचे, बास्केटबॉलच्या संघाचे कप्तान होते, ग्रीक आणि लॅटिन शिकले आणि साथीच्या रोगांचे डॉक्टर झाले. लोक तुला त्यांच्यासारखा हो म्हणतील. ते मनावर घेऊ नकोस.

नाताळात वसईला येणार आहात असं पप्पा म्हणाले. किल्ल्यात येशूसंघाच्या चर्चचे अवशेष आहेत, तिथे आपण दोघे जाऊ. तोवर मला एक पत्र लिही, मराठीत, शुद्धलेखन कसंही असलं तरी चालेल. वर्गात कुणाशी मैत्री झाली आणि सेवेसाठी कुठे जातोस, ते आधी सांग. गुण शेवटी. लॅटिन घेतलंस तर पहिला धडाही पाठव, मला शिकायचं आहे.

आईला आणि आजीला नमस्कार सांग.

तुझ्या पप्पांचे सर