आई नुकतीच गेली आहे. फॉकनर या अमेरिकन लेखकाची 'अ‍ॅज आय ले डाइंग' ही कादंबरी आत्ता वाचावी का? आणि त्या घरातलं कोणीच रडत का नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण तोच मला टोचला. रडतात हो. सगळे रडतात. फक्त डोळ्यांतून पाणी काढत नाहीत, म्हणून तुम्हाला ते कोरडे वाटले. आमच्या ताईलाही मी असाच वाटलो होतो. सहा-सात वर्षं होत आली, तिचं मत बदललेलं नाही.

मी पतसंस्थेत हिशोब बघणारा माणूस, साहित्याचा नाही. ही कादंबरी माझ्याकडे आली ती भाच्यामुळे. तो इंग्रजी घेऊन एम.ए. करत होता, सुट्टीत आमच्याकडे आला आणि पुस्तक विसरून गेला. मागच्या कव्हरवर वाचलं की एक आई मरते आणि नवरा-पोरं तिचं प्रेत गाडीवर घालून लांबच्या गावी पुरायला नेतात. म्हटलं, ही तर आमचीच कथा. डिक्शनरी मांडीवर घेऊन तीन महिने लागले. पुस्तक काही जाडजूड नाही, पण मिसिसिपीच्या शेतकऱ्यांची बोली, त्यात 59 तुकडे आणि 15 जण आळीपाळीने बोलतात. कोण बोलतंय हे कळेपर्यंत तुकडा संपतो. (फॉकनर तेव्हा विद्यापीठाच्या वीजघरात रात्रपाळी करायचा. 1929 च्या शेवटी, सहा-सात आठवड्यांत त्याने ही लिहिली म्हणतात. मला वाचायला त्याच्या दुप्पट वेळ लागला.)

तुम्ही सुरुवात वाचली असेल तर कॅश आठवत असेल. थोरला मुलगा, सुतार. आई आत शेवटच्या घटका मोजतेय आणि हा तिच्या खिडकीखाली तिचीच शवपेटी बनवतोय. प्रत्येक फळी उचलून तिला दाखवतोय. ज्युएल नावाच्या भावाचा त्या करवतीच्या आवाजाने संताप होतो. पुढे कॅशचा पहिला तुकडा येतो. त्यात आईबद्दल एक अक्षर नाही. नुसती 13 कलमांची यादी, पेटीचे सांधे तिरके का कापले त्याची. सहाव्या कलमात एकच शब्द, 'अपवाद' असा काहीसा. तेराव्यात, काम जास्त नीटनेटकं होतं. संपलं.

ती यादी वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि रडलो. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, काही नाही, सुतारकामावर आहे.

आता आमचं ऐका.

आई 26 जुलै 2019 ला गेली. घर सांगलीत, गावभागात. दादा तासगावकडे द्राक्षबाग करतो, ताई पुण्याला दिलेली, मी आईजवळ. जूनपासून आईचं सगळं मी एका दोनशे पानी वहीत लिहीत होतो. औषधं, बीपी, किती पेज पोटात गेली, रिक्षा, बिलं. आई गेल्यावर त्याच वहीत पुढचं पान उलटलं आणि लिहायला लागलो. लाकडं, तूप, गुरुजी, घाटावरचा चहा, पाहुण्यांचे गॅस सिलिंडर. दुसऱ्याच दिवशी ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आईची राख अजून गरम आहे आणि हा माणूस साखरेचा भाव लिहितोय." घरभर माणसं होती. मी मान वर न करता साखरेचं पूर्ण केलं.

दहाव्याला संगमावर पाणी चढलेलं, म्हणून विधी एका शेडखाली उरकले. पिंडाला कावळा शिवेना. पाऊस असा की कावळ्यानेही घर सोडलं नसतं, पण ते बोलायची सोय नव्हती. एकेकाने पुढे होऊन आईला शब्द दिले. दादा म्हणाला, ताईला माहेर तुटू देणार नाही. कावळा नाही. मी म्हणालो, देवपूजा चालू ठेवीन. नाही. मग ताई म्हणाली, "आई, तुझ्या अस्थी नाशिकलाच नेऊ, रामकुंडात." आणि एक भिजकं कावळं आलं की हो! दादाने लगेच हात जोडले. ताईच्या म्हणण्याप्रमाणे आईने तिला फोनवर तसं सांगितलं होतं. मी दोन महिने रोज आईच्या उशाशी होतो, माझ्यापाशी कधी विषय निघाला नव्हता. हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगम घरापासून हाकेच्या अंतरावर असताना चारशेवर किलोमीटर जायचं कशाला, एवढंच मी म्हणालो. "खर्च दिसला असेल तुला," ताई म्हणाली.

अस्थींचं गाडगं परसातल्या पेरूला टांगलं होतं, घरात आणायचं नसतं म्हणून. दोन दिवसांनी कृष्णा परसात आली. आयर्विन पुलापाशी 45 फूट म्हणजे धोक्याची पातळी, त्या आठवड्यात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. सांगलीकरांना सांगायला नको. रात्री कमरेएवढ्या पाण्यात जाऊन मी गाडगं सोडवलं, घरात आलो, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि होडीत बसलो. आईचं तेरावं मिरजेला मामाच्या माडीवर झालं, उसन्या भांड्यांत. तिथे ताईने सगळ्यांदेखत ऐकवलं, "एका हातात आई आणि दुसऱ्या हातात वही! कपाटातला आईचा फोटो मात्र राहिला."

फोटो राहिला हे खरं आहे. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कादंबरीत गाडी पुराच्या नदीत उलटते, खेचरं बुडून मरतात, कॅशचा पाय मोडतो आणि पेटी ज्युएल वाचवतो. पण मला लागलं ते पुढचं. कॅश काठावर अर्धमेला पडलाय आणि तोच ज्युएल, करवतीला शिव्या देणारा, कॅशची बुडालेली हत्यारं शोधायला पुन्हा पुन्हा पाण्यात बुड्या मारतो. आमच्या ताईने माझ्या वहीसाठी नखसुद्धा भिजवलं नसतं.

सप्टेंबरात दादाच्या बोलेरोतून नाशिकला निघालो. पेठ नाक्यापासून खेड शिवापूरच्या टोलपर्यंत गाडीत कोणी शब्द बोललं नाही. लाल फडक्यातलं गाडगं ताईच्या मांडीवर. नारायणगावला चहा घेताना दादाने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "पिंपळगाव बसवंतला एक जुना ब्लोअर निघालाय, आलोच आहोत तर बघून घेऊ." बागायतदारांना सांगायला नको, ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती आणि छाटणीनंतर फवारणीला ब्लोअर लागतोच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दहाव्याला दादाने हात एवढ्या झटकन का जोडले.

तुमच्या कादंबरीत काय आहे? बाप अ‍ॅन्स म्हणतो, बायकोला शब्द दिलाय, जेफरसनलाच नेणार. आणि मनात काय, तर तिथे कवळी करून मिळेल. पोरीला पोट पाडायचं औषध हवंय. धाकट्याला दुकानातली आगगाडी बघायचीय. कॅशलाही ग्रामोफोन हवाय. प्रेताला वास सुटलाय, वर गिधाडं फिरतायत आणि प्रत्येकाच्या खिशात आपापली चिठ्ठी. लोक याला विनोद म्हणतात. असेल. ज्याने भावंडांबरोबर अस्थी नेल्या आहेत त्याला यात विचित्र काही वाटणार नाही. आपल्याकडे एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' बघितलेल्यांनाही नाही वाटणार. तिथेही तात्याजी गेल्यावर घर शोकाआधी तेराव्याच्या खर्चावर येतंच. ते नाटक आहे, तुम्ही कादंबरी विचारलीत, म्हणून पुढे जातो.

रामकुंडावर गुरुजींनी आमच्या घराण्याची वही काढली. तीर्थोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात, गाव आणि आडनाव सांगितलं की पान निघतं. आजोबांनी त्यांच्या आईला आणलं होतं, त्याची नोंद निघाली. खाली त्यांची सही, मोडीत. ताई त्या सहीवरून बोट फिरवत ढसाढसा रडली. मला म्हणावंसं वाटलं की अगं, ही पण वहीच आहे, आणि तिच्यात दक्षिणासुद्धा लिहिलीय. नाही म्हटलं. आजतागायत पोटात ठेवलेलं वाक्य तुम्हाला सांगितलं.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. रडणाऱ्याला घरात मान मिळतो आणि सिलिंडर आणणाऱ्याला कोरडा म्हणतात, हा निव्वळ अन्याय आहे. तेरा दिवस चाळीस माणसं जेवली ती काय हुंदक्यांवर जेवली? तुमच्या घरात आत्ता कोणी यादी घेऊन फिरत असेल तर त्याला बोलू नका. आणि तो यादीवाला तुम्हीच असाल (प्रश्नाच्या सुरावरून मला तसा संशय आहे) तर कॅशचं पान काढून भावंडांना वाचून दाखवा.

हे लिहिलं खरं, पण अर्धीच बाजू सांगितली. तीन गोष्टी राहिल्या.

एक. कॅश मला वाटतो तेवढा स्वच्छ नाही. दुसरा भाऊ डार्ल हा सगळा तमाशा संपवण्यासाठी पेटीसकट कोठार पेटवून देतो. शेवटी घरचेच त्याला धरून जॅक्सनच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतात, कारण नाहीतर कोठाराची भरपाई गळ्यात आली असती. कॅश या सगळ्याला तयार होतो. डार्लला सगळ्यात जवळचा तोच. वेडा कोण हे ठरवायचा हक्क कुणाला, असं त्याला आतून वाटतं, आणि तरी तो हिशोब करतो.

दोन. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हिशोब टाकला होता. एकूण खर्च, भागिले तीन, ताईचा वाटा अमुक. सकाळी पावणेसातला. सांगलीत अजून घराघरात पाणी होतं. ताईने तासाभरात पैसे पाठवले आणि खाली काही लिहिलं नाही. आता वाटतं, चार दिवस थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

तीन. पिंपळगावला ब्लोअरची घासाघीस मीच केली. दादा सांगितलेल्या भावाला घेणार होता, मी दहा हजारांनी खाली आणला. ताई गाडीतून उतरली नाही. विसार माझ्याकडच्या रोकडीतून दिला आणि सवयीने वहीत लिहिला, गुरुजींच्या दक्षिणेच्या खालच्याच ओळीत. परतीच्या वाटेवर ताईने वही चाळली. त्यावर ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुस्तक वाचून झाल्यावर मी तिला फोन केला. कॅशची तेराही कलमं मराठीत करून वाचून दाखवली. वाटलं होतं, आता तरी पटेल. तिने शांतपणे ऐकलं. कॅश कोण, पेटी कुठे करत होता, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "तो फळी आईला दाखवत होता. तू वही कुणाला दाखवत होतास?"

मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवला.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं: सव्वा महिना तरी होऊ द्या. त्यात मेलेली आई स्वतः एकदा बोलते, एकाच तुकड्यात, आणि नवऱ्याबद्दल, पोरांबद्दल असं काही बोलते की ताज्या जखमेवर ते नको. धाकट्या व्हार्डमनचा एक तुकडा एका ओळीचा आहे, माझी आई मासा आहे, एवढाच. शिवाय आईला श्वास घेता यावा म्हणून तो पोरगा पेटीला गिरमिटाने भोकं पाडतो. ती भोकं कुठपर्यंत जातात ते मी सांगत नाही. रात्री वाचू नका. इंग्रजी कळत नाही म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका, भाचा म्हणतो वर्गात कुणालाच कळत नव्हतं.

आणि ताईच्या प्रश्नाचं उत्तर, जे तिला दिलेलं नाही. वही मी आईला दाखवत होतो. दिवा घालवायच्या आधी ती रोज विचारायची, "आज किती गेले रे?" खरा आकडा सांगितला असता तर दुसऱ्या दिवशी औषध घेतलं नसतं तिने. म्हणून जून-जुलैच्या पानांवर दर दिवसाला दोन बेरजा आहेत. पेनाने लिहिलेली खरी आहे. तिच्या शेजारची बारीक, पेन्सिलची, आईला दाखवायची.