खिडक्या कापलेला ट्रेलर आणि कलम ५२

तुमचं पत्र वाचलं. बंद बॉडीचा जुना मालवाहू ट्रेलर एका व्यावसायिकाकडून घेतला. दोन्ही बाजूंना खिडक्या कापल्या, बाजूला एक नवं दार बसवलं, हवेसाठी छपराला भोक पाडलं. आत पलंग, ओटा, कपाटं, बॅटरी आणि पाण्याची टाकी आली. मग महामार्गावर मोटार वाहन निरीक्षकांनी थांबवून चलन केलं. आता आरटीओची नोटीस आली आहे की ट्रेलर मूळ स्थितीत आणून तपासणीला हजर करा. तुम्ही विचारता की बदल १४ दिवसांत कळवायचा राहिला, तर विलंब शुल्क भरून आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, नोंद करून मिळेल का?

ट्रेलरवाले असोत, पिकअपवाले असोत की जुनी बस घेऊन तिचं घर करणारे, सगळ्यांचा जीव या १४ दिवसांत अडकलेला असतो. ते दिवस सध्या बाजूला ठेवा. तुम्ही वेळेत कळवलं असतं तरी नोटीस आलीच असती.

तुमचं प्रकरण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या पहिल्या पोटकलमावर ठरणार आहे. आरसीवरचा तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनमालकाने करायचा नाही, असं ते सांगतं. कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, त्यामुळे ‘त्याला इंजिनच नाही’ हा तुमचा मुद्दा टिकत नाही. १४ दिवसांची तरतूद त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात आहे. ती नुसती वाचली की आधी बदल करा आणि मागाहून कळवा, असा अर्थ निघतो, आणि फॅब्रिकेटर ग्राहकाला तोच सांगतात. पण जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही आणि राज्याचे नियमही कलम ५२ च्या वर जाऊ शकत नाहीत. ज्याला पहिल्या पोटकलमाने मनाई केली आहे, ते कळवल्याने किंवा शुल्क भरल्याने वैध होत नाही.

आता याच कलमाचं स्पष्टीकरण बघा, कारण तुमच्या हातात जे काही उरलं आहे ते तिथेच आहे. वाहनाच्या रचनेत असा फेरफार, ज्यामुळे त्याचं मूळ स्वरूप बदलतं, त्यालाच कायदा ‘बदल’ म्हणतो. म्हणून तुम्ही केलेल्या कामाचे दोन ढीग करा. पत्रा कापून केलेलं सगळं एका बाजूला: खिडक्या, दार, छपराचं भोक. बंद मालवाहू बॉडीला खिडक्या आणि माणसाचं दार आलं की तिचं मूळ स्वरूप बदललं, यावर वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही. नट-बोल्टने बसवलेलं आणि पाना घेऊन अर्ध्या दिवसात उतरवता येईल असं सगळं दुसऱ्या बाजूला. त्याबद्दल बाजू मांडता येते. ती मान्य होईलच, अशी खात्री मी देत नाही. आरसीवर रिकाम्या ट्रेलरचं वजन लिहिलेलं असतं. कायमचा बसवलेला पलंग, कपाटं आणि बॅटरी मिळून ते वाढतं, आणि वाढलेलं वजन म्हणजे पुन्हा आरसीशी विसंगती. सामान उतरवून एकदा आणि बसवून एकदा वजनकाट्यावर जा. दोन्ही पावत्या जपून ठेवा. पाण्याची शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वाढतात, हेही विसरू नका. एकूण वजनाची मर्यादा ओलांडली तर तो वेगळा गुन्हा होतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की ट्रेलर अजून आधीच्या मालकाच्याच नावावर आहे. हे वाचून मला राग आला, आणि तो लपवत नाही. मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० भरून देणं हे खरेदीच्या आठवड्यातलं काम होतं. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. तुम्ही तेवढ्या वेळात खिडक्यांची मापं घेतलीत! ज्याच्या नावावर नोंदणी, तोच कायद्याने मालक. वाहन विकल्यानंतरही नोंदणी बदलली नसेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे तुमच्या करवतीचे परिणाम आज एक तिसरा माणूस भोगू शकतो, आणि त्याला याची कल्पनाही नाही. त्याला आजच कळवा. कलम ५२ खालचा कोणताही अर्ज मालकाने करायचा असतो, त्यामुळे नाव लागेपर्यंत तुमच्या अर्जाला पायाच नाही.

आता कामाचं. नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. कापलेले भाग त्याच जाडीच्या पत्र्याने बंद करून घ्या, फॅब्रिकेटरचं बिल घ्या, आधीचे आणि नंतरचे फोटो काढा आणि तपासणीची तारीख मागा. तसं केलं नाही तर कलम ५३ खाली आरसी निलंबित होऊ शकते आणि दोष दूर होईपर्यंत ट्रेलर रस्त्यावर आणता येणार नाही. बोल्टने बसवलेल्या सामानाचं स्पष्टीकरण त्याच उत्तरात द्या, वजनकाट्याच्या पावत्या जोडा. आरटीओच्या खिडकीवरचा माणूस ‘होणार नाही’ म्हणाला, तर ते ऐकून परत येऊ नका. अर्ज आवक-जावक विभागात देऊन पोच घ्या आणि कारणांसह लेखी आदेश मागा. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं. तोंडी नकारावर अपील होत नाही. अपील सोडून थेट उच्च न्यायालयात रिट करू नका. आधीचा उपाय का वापरला नाही, हा पहिला प्रश्न येईल, आणि तो विचारला जाण्याआधीच तारखांवर तारखा पडून एक-दोन पावसाळे ट्रेलर उघड्यावर गंजेल. पत्रा शिवून घेणं त्यापेक्षा लवकर होतं आणि स्वस्तही पडतं.

चलनाबद्दल थोडक्यात. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम १८२अ (४) लागतं. दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. खिडक्या, दार आणि छत वेगवेगळे धरायचे की एकत्र, हे चलन लिहिणाऱ्यावर आणि न्यायालयावर अवलंबून राहील. दंड भरलात तरी ट्रेलर होता तसाच बेकायदा राहतो. पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच होईल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात एक वाक्य आहे: ‘प्रवासात मुलं मागे झोपतात.’ हे आजपासून बंद. कायद्यात मालाची व्याख्या करतानाच जिवंत माणसं त्यातून वगळली आहेत. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या माणसाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं. ट्रेलरला सीटबेल्ट नाहीत, आत काय चाललंय ते चालकाला दिसत नाही, आणि शेजारी ओट्यावर सिलिंडर आहे. जोडणी सुटली तर पुढची कोणतीही कागदपत्रं कामाची नाहीत. मुलांना गाडीत, पट्टा लावून बसवा. ट्रेलर उभा करून, चाकांना अडणी लावल्यावरच त्यांना आत जाऊ द्या. विम्याचं बाकी चित्र पॉलिसीच्या शब्दांवर ठरेल. ती तुम्ही पाठवलेली नाही. पण न कळवलेल्या बदलानंतर स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाण्याची तयारी ठेवा.

कॅम्पर कायद्याने ठेवताच येत नाही, असं मात्र समजू नका. खासगी वापराचा कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हा वर्ग केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत आहे आणि नोंदणीच्या सरकारी ‘वाहन’ पोर्टलवरही आहे. पण त्या वर्गात वाहन जन्मापासून यावं लागतं. निर्मात्याने त्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ खाली, पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मंजुरी घेतलेली असावी लागते, आणि नोंदणी त्या कागदांवर होते. पुढचा ट्रेलर घेताना विक्रेत्याकडे आधी ते मंजुरीपत्र मागा. ‘नंतर पासिंग करून देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

आणि हातात आहे त्या ट्रेलरची नोटीस कोणत्या तारखेला मिळाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पाकीट फेकलं नसेल तर टपालाचा शिक्का बघा आणि उत्तराची मुदत तिथून मोजा.